तोंड बघितल्याशिवाय वाटा नाही

'सोसायटीची सुरक्षितता व सभासदांची मनःशांती लक्षात घेता मासे, भाजी व तत्सम विक्रेत्यांना इमारतीत प्रवेश नाही.' आमच्या सानपाड्याच्या सोसायटीच्या गेटवर सहा महिने ही नोटीस होती. त्यातला 'मनःशांती' हा शब्द माझा. अध्यक्षांनी नुसतं 'फेरीवाल्यांना बंदी' असं लिहून आणलं होतं. मी सोसायटीची सेक्रेटरी, आणि नेरूळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे मला ते फार रोडकं वाटलं. मी ते सजवून दिलं.

ज्या बाईसाठी ही नोटीस लिहिली तिच्यामुळे माझा नवरा आज जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगताना मी स्वतःला सांभाळून घेईन. मला ती सवय आहे.

सगळे तिला मावशी म्हणायचे. खाडीकडच्या गावातली, पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, आवाजाने मात्र तीन मजले उंच. केसात अबोलीचा गजरा आणि पायात नवऱ्याच्या मापाच्या रबरी चपला. बुधवार, शुक्रवार, रविवार डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती यायची. हात मासळीचे म्हणून बेल कोपराने वाजवायची. आमच्या बेलचं बटण वाकडं झालं ते तिच्या कोपराने, आणि त्यावरूनही मी एकदा तिला बोलले होते.

लिफ्टने ती कधी गेली नाही. सात मजले पायी चढायची आणि वरून एकेक मजला करत खाली यायची. गुडघे दुखतात म्हणून रडायची, पण लिफ्ट नको. "लिप्टमदून दारं दिसत नाय," हे तिचं कारण. दारं म्हणजे दाराबाहेरच्या चपला. कोणाची चप्पल कुठे, हे तिला पाठ होतं. "ही चपल बुधवारपासून हाल्ली नाय, आजारी हाय का तुजी सासू?" असं ती उंबऱ्यात उभी राहून विचारायची, आणि सासू खरंच आजारी निघायची.

मासे विकण्याचे तिचे नियम होते. पहिला आणि शेवटचा नियम म्हणजे तोंड बघितल्याशिवाय वाटा नाही. वाटा म्हणजे हाताने लावलेला माशांचा ढीग. वजनकाटा तिने आयुष्यात वापरला नाही. कामवाली बाहेर आली तर ती तिला परत आत पाठवायची. "मालकिनीला बोलाव. मना तोंड बघू दे." मालकीण मीटिंगमध्ये असली तर ही पायरीवर बसून राहायची. बर्फ वितळून पाणी जिन्यात उतरायचं आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई माझ्या फोनवर त्याचे फोटो पाठवायच्या.

आणि तोंड बघून काही वेगळं वाटलं तर मावशी विचारायची. बोंबील साफ करून देऊ का, हे ज्या सुरात विचारायची त्याच सुरात.

"मरायचं मनात येतं का गो?"

पहिल्यांदा मी हे ऐकलं ते समोरच्या दारात. समोरच्या मुलीला बाळ होऊन दीड महिना झाला होता. ती करंदीचा वाटा घेत होती, आणि मावशीने विचारलं. मी माझ्या दारात भांडं घेऊन उभी होते ती थिजलेच. ती मुलगी आधी हसली आणि मग दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मावशीने पाटी बाजूला सारली आणि तीही बसली. मी दार लोटून घेतलं. बाहेर अर्धा तास बोलणं चालू होतं, आणि माझ्या मनात एकच विचार की आता माझी कोळंबी कोण देणार. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई रत्नागिरीहून आली आणि चार महिने राहिली.

या प्रश्नाची मी स्टाफरूममध्ये नक्कल करायचे. नक्कल मला चांगली जमते. कोपराने बेल, कमरेवर हात, 'मरायचं मनात येतं का गो?' सगळे खो खो हसायचे. भूगोलाच्या सरांना माझी नक्कल फार आवडायची. ते सुट्टीवरून आले की मुद्दाम करायला लावायचे. हे सांगताना आता तोंड लपवावंसं वाटतं.

बी विंगमध्ये एक निवृत्त काका एकटे राहायचे. त्यांनी आत्महत्या केली तेव्हा कमिटीची बैठक बसली ती ग्रुपवर काय लिहायचं यासाठी. अध्यक्ष म्हणाले, "फ्लॅट विकायला काढलेत चार जणांनी. उगाच चर्चा नको." मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. 'अल्पशा आजाराने दुःखद निधन' असं मी लिहिलं. दीडशे लोकांनी हात जोडले.

ते गेले त्या बुधवारी मावशी आली नव्हती. तिच्या गावात हळद होती. त्यांच्याकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. अख्खं गाव जेवायला, बँड आणि पहाटेपर्यंत नाच. शुक्रवारी ती आली, बी विंगच्या पाचव्या मजल्यावर कुलूप बघितलं, आणि खाली येऊन वॉचमनच्या खुर्चीत बसली. मी कॉलेजला निघाले होते.

"टीचरबाय, तो आजारी नव्हता," ती म्हणाली.

"मावशी, झालं ते झालं."

"दर बुदवारी मी त्याला इचारायची. तो बोलायचा, येतं मनात, पन आज नाय. दर बुदवारी बोलायचा, आज नाय. मी त्याच्या मुलाला फोन करायला लावला, डाक्टरकडं चल बोल्ली. पुढच्या बुदवारी जाऊ बोल्ला. आन मी हलदीत नाचत होती."

मी घड्याळ बघितलं. मला साडेअकराचं लेक्चर होतं.

त्यानंतर तिने खाडा केला नाही. श्रावण आला. निम्म्या घरांत मासळी बंद, त्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बंद. मासेवाल्या बायका त्या महिन्यात दिसतही नाहीत. मावशी आली. डोक्यावर रिकामी पाटी. रिकामी कशाला आणतेस विचारलं तर म्हणाली, "पाटी नसली तर मना दार कोन उगडल?" आमच्याकडे तेव्हा गेटवर नवीन अ‍ॅप आलं होतं. येणाऱ्याचं नाव, फोटो आणि येण्याचं कारण भरायचं. वॉचमनने कारण विचारलं. "जिती हायेत का बगाया," मावशीने सांगितलं. अ‍ॅपमध्ये असा पर्याय नव्हता. त्याने 'इतर' वर बोट ठेवलं.

मी हासुद्धा किस्सा स्टाफरूममध्ये सांगितला.

दिवाळीनंतर वरून पत्रं आली की सोसायट्यांनी आत्महत्या प्रतिबंधावर जनजागृती करावी. आम्ही मागे राहणारे नव्हेच. क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम ठरवला. एक तरुण समुपदेशक बाई बोलावल्या. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, समोसा आणि वेफरचा बॉक्स असा बेत होता. सूत्रसंचालन माझं. बॅनरवर मदतीचा फोन नंबर मोठ्या अक्षरात छापायचा असं बाईंनी दोनदा बजावलं होतं, तो आम्ही छापलाही. सजावट माझ्याकडे होती. झेंडूचं तोरण मी नेमकं त्या नंबरावरून सोडलं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. फोटो बघताना दिसलं.

बाई चांगलं बोलल्या. मग प्रश्न विचारा म्हणाल्या. नेहमीप्रमाणे सगळे आपापल्या बॉक्सकडे बघायला लागले. तेवढ्यात दाराशी चपला काढून मावशी आत आली. पाटी बाहेर ठेवली होती, वास मात्र बरोबर आला. ती सरळ पुढे आली आणि माझ्या हातातला माईक तिने घेतला.

"डाक्टरीनबाय, मी मानसाला सरल इचारते, मरायचं मनात येतं का. इचारल्यानं त्याच्या डोक्यात नसंल तं येतं का? लोक मना बोलतात, तू भलतं डोक्यात घालतंस."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "नाही मावशी, नाही येत. उलट..."

"वेळेअभावी आपण इथेच थांबू या," मी म्हणाले आणि माईक काढून घेतला. आभार मानले. मावशीच्या हातात एक बॉक्स दिला, तोही दारात नेऊन. बसा असं मी म्हटलं नाही.

चहाच्या वेळी समुपदेशक बाईंनी विचारलं, "त्या कोण?"

"फिशवाली आहे हो. जरा तशीच आहे."

"त्या तुमच्याकडे असताना मला कशाला बोलावलंत?" त्या म्हणाल्या. मला वाटलं, विनोद केला. मी हसले.

आता माझ्या घराकडे येते. नवरा मालवणचा. मी साताऱ्याकडची, मासा कशाशी खातात हे मला लग्नानंतर कळलं, आणि साफ करायला मावशीने शिकवलं. नवरा अबोल, कामसू, बूट रोज रात्री स्वतः पुसून ठेवणारा. ऐरोलीच्या एका कंपनीत सोळा वर्षं होता. त्या कार्यक्रमानंतर आलेल्या जूनमध्ये एके दिवशी बारा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर त्याची नोकरी गेली. आतल्या खोलीतून बाहेर येऊन त्याने मला सांगितलं, आणि मी पहिलं वाक्य काय बोलले? "कोणाला सांगू नकोस."

मी सगळं नीट आखून दिलं. सोसायटीत 'वर्क फ्रॉम होम' सांगायचं. सासूबाईंना तेच, माझ्या भावाला तेच. दिवसा खाली उतरायचं नाही, लोक विचारतात. तो बिचारा ऐकायचा. दहा ते सहा आतल्या खोलीत दार लावून लॅपटॉपसमोर बसायचा. अर्ज करायचा. मग अर्जही करेनासा झाला. जेवण अर्धं टाकायला लागला. झोप नव्हती. मी रात्री कूस बदलताना त्याचे उघडे डोळे बघायचे आणि परत कूस बदलायचे. सगळं दिसत होतं मला. नाव द्यायचं नव्हतं, कारण नाव दिलं की ते खरं होतं.

त्याचे बूट दाराबाहेरच्या रॅकवर होते. नवऱ्याला मावशी 'भाव' म्हणायची, म्हणजे भाऊ. मावशीने ते दोन आठवड्यांत ओळखलं.

"टीचरबाय, भावाच्या बुटावर धूल हाय. हापिसात जातो तो बूट पुसतो."

"घरून काम करतो तो आता."

"मंग बाहेर बोलव. मना तोंड बघू दे."

"मीटिंग चालू आहे." त्या संध्याकाळी मी बूट उचलून आतल्या कपाटात टाकले.

पुढचे तीन आठवडे मावशी दर खेपेला 'भाव कुठं हाय' विचारायची आणि मी नवी मीटिंग सांगायचे. चौथ्या आठवड्यात, एका शुक्रवारी, तोच पाणी प्यायला बाहेर आला. चार दिवसांची दाढी, अंगात बनियन. मावशी दारात बसून मांदेलीचे वाटे लावत होती. तिने मान वर केली आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मला कळलं आता काय येणार. मी 'मावशी' म्हणेपर्यंत तिने विचारलंही.

"भावा, मरायचं मनात येतं का रं?"

तो पेला हातात धरून तसाच उभा राहिला. त्याचे ओठ हलले. समोरचं दार उघडं होतं, शेजारीण बघत होती, आणि मला तेवढंच दिसलं. "काहीतरीच काय बोलता तुम्ही!" मी ओरडले, आणि तिच्या तोंडावर दार आपटलं. मांदेली बाहेरच राहिली. आत येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "बनियनवर बाहेर यायची काय गरज होती?"

चौथ्या मजल्यावरच्या बाईंची वासाची तक्रार जुनीच होती. शनिवारी सकाळी मी ती बाहेर काढली, अध्यक्षांना फोन केला आणि दहा वाजता नोटीस लावली. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही तर त्यांच्याकडूनच मासे घेता." मी म्हणाले, "वैयक्तिक आवडीपेक्षा सोसायटीचं हित मोठं." असली वाक्यं मला न अडखळता येतात.

मावशी भांडली नाही. गेटच्या बाहेर फुटपाथवर विजेचा डबा आहे, त्याला टेकून बसायला लागली. ज्यांना मासे हवेत ते खाली यायचे. मी पलीकडच्या गल्लीतून मासे आणायला लागले. घरात एक सुधारणा झाली. नवरा रोज खाली जायला लागला. "जरा चालून येतो," म्हणायचा. तास-दोन तासांनी यायचा. मीच त्याला दिवसा उतरू नको म्हटलं होतं, पण त्याचा चेहरा जरा बरा दिसायला लागला होता म्हणून गप्प बसले. मैत्रिणींना सांगितलं, शुगरसाठी वॉक सुरू केलाय. नंतर जेवायला लागला. रात्री झोपायलाही लागला. एक दिवस त्याने कपाटातले बूट काढून पुसले. मला वाटलं, मी घर नीट सांभाळलं. श्रेय घ्यायला मी कधी मागे नसते.

जानेवारीत विम्याचे कागद शोधताना मला त्याच्या बॅगेत सरकारी रुग्णालयाचा केसपेपर सापडला. मानसोपचार विभाग. पाच भेटींच्या नोंदी, गोळ्यांची नावं, पुढची तारीख. पहिल्या पानावर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं की माहिती देणारी व्यक्ती: बहीण.

माझ्या नवऱ्याला बहीण नाही.

तो आल्यावर मी केसपेपर टेबलावर ठेवला. विचारायला हवं होतं की तू कसा आहेस. मी विचारलं, "ही बहीण कोण?"

"मावशी," तो म्हणाला. "डॉक्टरांनी नातं विचारलं. तिने सांगून टाकलं."

मग तो बोलला. इतकं सलग तो लग्नानंतर पहिल्यांदा बोलला असेल. रविवार ठरवला होता म्हणाला. त्या शुक्रवारी, पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा, मध्ये एकच दिवस उरला होता. "तिने विचारलं, आणि मी उत्तर देणार होतो. देतच होतो. तू दार लावलंस."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी खाली गेलो, उत्तर द्यायला."

शनिवारी. माझ्या हातात चिकटपट्टी होती, मी गेटच्या आतल्या बाजूने नोटीस लावत होते, आणि नवरा माझ्या मागून बाहेर गेला होता. मला आठवतं. त्याला मी म्हटलं होतं, येताना कोथिंबीर आण.

शनिवार तिचा वार नव्हता, पण ते उत्तर राहिलं म्हणून ती आली होती, आणि नोटिशीमुळे गेटबाहेर अडली होती. मावशीने त्याला विजेच्या डब्यापाशी बसवलं. त्या दिवशी मासे विकलेच नाहीत. रविवारी ती सकाळी सातला येऊन बसली आणि त्याला फोन करून खाली बोलावलं. तो दिवसभर तिच्याबरोबर होता. दुपारी त्यांच्या गावात जेवला, तिच्या नवऱ्याबरोबर जाळं विणत बसला. सोमवारी ती त्याला रुग्णालयात घेऊन गेली आणि रांगेत तीन तास उभी राहिली. मी त्या रविवारी नेरूळला मैत्रिणीकडे भिशीला गेले होते. तो कुठे आहे हा प्रश्नच मला पडला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस ना," तो म्हणाला, "कोणाला सांगू नकोस म्हणून." त्यात टोमणा नव्हता. त्याला टोमणे येत नाहीत. म्हणून ते जास्त लागलं.

चार दिवसांनी मी मावशीच्या गावात गेले. साडी आणि पेढे घेऊन. ती अंगणात जवळा वाळत घालत होती. मी साडी पुढे केली आणि माफी मागितली. पाठ करून गेले होते, तरी मध्येच रडायला आलं.

"माफी ठेव तिकडं," ती म्हणाली. "माफीचा काय वाटा लावू मी? बस. त्याला रोज इचारतंस का?"

"आता बरा आहे तो."

"इचारतंस का?"

मी मान खाली घातली. "भीती वाटते."

"कसली? हो बोलंल याची?"

"हो."

"म्हंजी तुला ऐकाया नको म्हनून त्यानं एकट्यानं धरून ठेवायचं." तिने जवळ्यातून एक काटकी वेचून टाकली. "आमची मानसं होडी घेऊन जातात. कोन खाडीत गेला तं काडतात वर. माज्या घरवाल्यानं काडलेत. जी जिती निगाली ती ओटीवर बसून च्या पितात आन एकच बोलतात, कोनी इचारलंच नाय. मंग मी बोल्ली, पान्यातून काडायचं काम बापयांचं. त्याच्या आदी काडायला काय होडी लागते? इचारायचं माजं काम. औशद डाक्टरीनबायचं. मी काय शानी नाय, मासलीवाली हाय. हात धरून तितवर न्यायचं."

पेढे तिने ठेवून घेतले. साडी परत दिली. रंग आवडला नाही म्हणाली.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, वार्षिक सभेत नोटीस काढायचा ठराव मी मांडते. तो म्हणाला, "कारण विचारतील. माझं सांग. माझी काही हरकत नाही." त्याने हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सभेला निघताना, जिन्यात.

फेब्रुवारीतला रविवार होता, सकाळचे साडेदहा. क्लबहाऊस भरलेलं. मी ठराव वाचला. चौथ्या मजल्यावरच्या बाई उठल्या, "वासाचं ठीक आहे हो, पण ती लहान मुलांसमोर काय वाट्टेल ते विचारते. असल्या बाईला आत कशाला घ्यायचं?"

"त्या विचारण्याचा आपल्या सोसायटीत उपयोग झालेला आहे," मी म्हणाले.

"कोणाला?"

सत्तर-ऐंशी माणसं माझ्याकडे बघत होती. समोरच्या रांगेत अध्यक्ष होते आणि माझ्या कॉलेजातल्या एका मुलीचे वडील होते. 'माझ्या नवऱ्याला', इतकंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं आहे.

"आपल्याकडच्याच एका गृहस्थांना," मी म्हणाले. "नाव सांगणं उचित होणार नाही. गोपनीयतेचा प्रश्न आहे."

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. "ते गृहस्थ म्हणजे मी," माझा नवरा उभा राहून म्हणाला. "नोकरी गेली होती. मरायचं ठरवलं होतं. मावशीने विचारलं म्हणून मेलो नाही. अजून गोळ्या चालू आहेत." बस, एवढंच. आवाजही चढवला नाही. आणि खाली बसला.

जून महिन्यापासून मी त्याची लाज झाकत होते असं मला वाटत होतं. तो तर लाजत नव्हताच. जी काही लाज त्या घरात होती ती सगळी माझी होती, आणि ती मी त्याच्या अंगावर पांघरून त्याला आतल्या खोलीत बसवलं होतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, सगळ्यांसमोर, त्याच्याकडे बघायची हिंमत न होता.

मग भिंतीकडून सी विंगमधल्या एक बाई उठल्या. दहा वर्षांत त्यांचा आवाज मी एकाही सभेत ऐकला नव्हता. माझ्याकडे न बघता त्यांनी नवऱ्याला विचारलं, "त्या मावशी किती वाजता येतात?"

"येतात कशाला, आत्ता गेटवर बसल्यात," तो म्हणाला. "चला. मी येतो तुमच्याबरोबर." तो रांगेतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेला, आणि दोघं बाहेर पडले.

दार बंद झाल्यावर अध्यक्ष खाकरले. "बरं, ठरावाला अनुमोदन कोणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं," मी म्हणाले. "आजारी आहे तो. तो मरणार होता आणि मला ते दिसत होतं. त्याला कोणाला काही सांगू नकोस असं मीच बजावलं होतं, आणि ही नोटीसही मी तेच झाकायला लावली होती." सगळं मोठ्याने बोलले, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. ऐकायला तो तिथे नव्हता.